संत योहान बॉस्को : खेळ करणारा मुलगा, इतिहास शिकविणारा गुरु

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं आम्हीं संत योहान बॉस्को यांचें चरित्र निवडलें आहे. मुलास सोंगांचा व खेळांचा नाद लागला कीं पुष्कळ आईबापांस चिंता वाटते. आणि या संतांच्या कार्याचा आरंभ तर दोरीवरच्या खेळापासूनच झाला.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलीच्या पिएमाँत प्रांतांत, कास्तेलनुओव्हो गांवाजवळील बेक्की वाडींत झाला. १८१७ सालीं वडील वारले, आणि आई मार्गारिता हिनें शेतांत राबून मुलें वाढविलीं. जत्रेंत खेळ करणारे येत, तेव्हां योहान अगदीं पुढें उभा राहून त्यांची हातचलाखी न्याहाळी व घरीं येऊन पडत-धडपडत तीच शिके. मग रविवारीं कुरणांत दोन झाडांना दोर बांधून तो त्यावरून चाले, उलट्या उड्या मारी, हातचलाखी दाखवी. शेजारीपाजारी जमत. त्यांच्याकडून तो पैसा घेत नसे. त्यांनीं रोझरी म्हणावी व सकाळच्या उपदेशाची त्यानें केलेली उजळणी ऐकावी, एवढीच अट असे. जो प्रार्थना टाळी त्यास खेळ पाहावयास मिळत नसे.

सावत्र भाऊ अँतोनियो यास योहानचें पुस्तकांचें वेड मुळींच रुचत नसे. कलह टाळण्यासाठीं आईनें योहानला परक्या शेतावर चाकरीस धाडलें. पुढें डॉन कालोसो या वृद्ध धर्मगुरूंनीं त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. परंतु १८३० सालीं तेहि निवर्तले. १८३१ सालीं तो किएरी शहरीं शाळेंत गेला, आणि शिवणकाम करून व कॉफीच्या दुकानांत राबून शिकला. ऐन उपासनेच्या वेळीं खेळ करून मुलांस देवळापासून ओढणाऱ्या एका धंदेवाईक खेळकऱ्यास त्यानें पैजेस बोलाविलें, व धांवणें, उडी मारणें, काठी तोलणें आणि झाडावर चढणें या चारही बाबींत हरविलें. सोबत्यांस एक मेजवानी द्यावी, एवढ्या अटीवर पैजेची रक्कम मात्र परत केली.

१८३५ सालीं सेमिनरीचा झगा अंगावर घेतांना त्यानें हे सर्व खेळ सोडण्याचा निश्चय केला. ज्या कलेनें लोकांची वाहवा मिळविली तीच देवाच्या पायांशीं ठेवणें, हा लहान त्याग नव्हे, असें आम्हांस वाटतें.

५ जून १८४१ रोजीं ट्यूरिन येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या शहरांत गवंडीकाम करणारीं, धुराडीं झाडणारीं निराधार मुलें रस्त्यांवर भटकत. त्यांपैकीं बार्तोलोमेओ गारेल्ली या अनाथ मुलास त्यांनीं ८ डिसेंबर १८४१ रोजीं प्रथम धर्मशिक्षण दिलें. १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका पडवींत या मुलांस कायमचा आसरा मिळाला.

दिवसभर राबणाऱ्या या मुलांसाठीं त्यांनीं रविवारच्या व रात्रीच्या शाळा काढल्या. परंतु त्यांच्या हातीं देण्याजोगीं इतिहासाचीं पुस्तकें त्यांस आढळेनात. कांहीं कंटाळवाणीं, तर कांहीं कोवळ्या मनास अयोग्य. तेव्हां त्यांनीं स्वतःच लेखणी उचलली. १८४५ सालीं ख्रिस्तसभेचा इतिहास, १८४७ सालीं पवित्र इतिहास व १८५५ सालीं तरुणांसाठीं इटलीचा इतिहास प्रसिद्ध झाला. १८५० पासून पिएमाँतमध्यें नवीं दशमान मापें सक्तीचीं व्हावयाचीं होतीं, तेव्हां तीं समजावीं म्हणून संवाद लिहून त्यांनीं मुलांकडून रंगभूमीवर करविले. सेमिनरींत टाकलेली कला अशा रीतीनें गरिबांच्या सेवेसाठीं त्यांच्या हातीं परत आली.

१८५९ सालीं त्यांनीं सालेशियन संस्था स्थापिली, आणि १८७५ सालीं तिचे पहिले मिशनरी अर्जेंटिनास धाडले. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते देवाघरीं गेले. त्यांचे पुत्र १९०६ सालीं आपल्या देशांत, तंजावर येथें उतरले; मुंबईच्या माटुंग्यांतील त्यांची शाळा व मरियामातेचें देऊळ आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. १ एप्रिल १९३४ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

आईबापांस आमची विनंती एवढीच, कीं नाताळच्या नाटकांत रमणाऱ्या मुलास नुसतें दटावूं नये. त्याच्या गुणास वळण द्यावें, प्रार्थनेची जोड द्यावी, व पुस्तक हातीं द्यावें. संत योहान बॉस्को आपल्या मुलांसाठीं परमेश्वराजवळ विनंती करोत.