संत विलिब्रॉर्ड : यांच्या कबरीकडे भाविक नाचत जातात

दरवर्षी ७ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत विलिब्रॉर्ड यांचा सण साजरा करते. आपल्याकडे हे नाव फारसे परिचयाचे नाही. परंतु लक्झेंबर्ग देशातील एख्टरनाख या लहानशा शहरात हजारो भाविक आजही त्यांच्या कबरीकडे नाचत जातात. देवाच्या उपासनेत नाच शोभतो का, हा प्रश्न आपल्यातही अधूनमधून निघतो. म्हणून आज या संताची ओळख करून घेऊ या.

विलिब्रॉर्ड यांचा जन्म इ. स. ६५८ मध्ये उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया येथे झाला. वडील विल्गिस यांनी त्यांना लहानपणीच रिपनच्या मठात ठेवले व पुढे स्वतः एकांतवास पत्करला. विसाव्या वर्षी विलिब्रॉर्ड आयर्लंडला गेले. तेथे बारा वर्षे त्यांनी अभ्यास व प्रार्थना केली आणि तेथेच ते धर्मगुरू झाले.

६९० साली अकरा सोबत्यांसह ते समुद्र ओलांडून आजच्या नेदरलँड्समधील फ्रिजियन लोकांत सुवार्ताप्रसारासाठी गेले. ६९५ साली पोप सर्जियस पहिले यांनी रोममध्ये त्यांना आर्चबिशपपदाची दीक्षा दिली. उट्रेख्ट हे त्यांचे पीठ झाले. ६९८ साली इर्मिना नावाच्या धर्मभगिनीने दिलेल्या जागेवर त्यांनी एख्टरनाखचा मठ स्थापन केला.

७१४ साली त्यांचा पाठीराखा पेपिन वारला आणि फ्रिजियन राजा राडबोड उलटला. चर्चे जाळली गेली, धर्मगुरूंना हुसकावले गेले. पंचवीस वर्षांच्या मेहनतीची राख झाली. विलिब्रॉर्ड एख्टरनाखला परतले. ७१९ साली राडबोड मरण पावला, तेव्हा साठी ओलांडलेले विलिब्रॉर्ड पुन्हा त्याच लोकांत गेले व नव्याने कामाला लागले. तरुण संत बोनिफास यांनी त्या काळात तीन वर्षे त्यांना साथ दिली. ७ नोव्हेंबर ७३९ रोजी, ८१ व्या वर्षी, विलिब्रॉर्ड देवाघरी गेले. त्यांना एख्टरनाख येथेच पुरण्यात आले.

त्यांच्या कबरीकडे यात्रेकरू येऊ लागले, विशेषतः फेफऱ्याचे रुग्ण व त्यांचे नातलग. त्यातूनच नाचत जाण्याची प्रथा पडली. पेन्टेकॉस्टनंतरच्या मंगळवारी भाविक ओळीने उभे राहतात. पांढऱ्या रुमालांची टोके धरून ते एकमेकांशी जोडलेले असतात. बँडवर एकच जुनी चाल वाजत राहते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उडी घेत मिरवणूक शहरातून बॅसिलिकात आणि तेथून तळघरातील कबरीपाशी पोहोचते. पूर्वी काही काळ तीन पावले पुढे आणि दोन मागे असा ठेका होता. विलिब्रॉर्ड यांचे आयुष्यही जणू त्याच ठेक्यावर गेले.

या नाचाला विरोधही झाला. १७७७ साली ट्रियरच्या आर्चबिशपांनी वाद्ये व नाच यांवर बंदी घातली. १७८६ साली सम्राट जोसेफ दुसरे यांनी मिरवणूकच बंद केली. १८०२ साली ती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ती रोखली व १९४४ च्या डिसेंबरात बॅसिलिका उद्ध्वस्त झाली. लोकांनी ती पुन्हा उभारली; १९५३ साली तिचे अभिषेचन झाले. २०१० साली युनेस्कोने या मिरवणुकीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बंदी घालणाऱ्यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. नाचात भक्ती हरवू शकते. परंतु एख्टरनाखला नाचणारा टाळ्यांसाठी नाचत नाही. तो आजाऱ्यासाठी विनवणी करतो, शेजाऱ्याचा रुमाल सोडत नाही आणि त्याची पावले देवाच्या मंदिरात जाऊन थांबतात. आपल्या सणांत आणि मिस्सातील अर्पणाच्या वेळी पावले ठेका धरतील, तेव्हा ती कोणासाठी व कोणाकडे चालली आहेत, एवढे आपण स्वतःला विचारू या.

संत विलिब्रॉर्ड, आम्हांसाठी विनंती कर.