याप एडेन

याप एडेन (पूर्ण नाव: याकोबस योहानस एडेन, १९ ऑक्टोबर, इ.स. १८७३:ग्रोनिंगन, नेदरलँड्स - २ फेब्रुवारी, इ.स. १९२५:हार्लेम, नेदरलँड्स) हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील डच स्पीड स्केटिंगपटू आणि सायकलपटू होते. १८९३ मध्ये झालेल्या पुरुषांच्या पहिल्या अधिकृत विश्व अजिंक्यपद स्पर्धेचे ते विजेते होत. १८९५ आणि १८९६ मध्येही त्यांनी हे विजेतेपद मिळवले. सायकलशर्यतींतही ते दोनदा विश्वविजेते झाले. स्पीड स्केटिंग आणि सायकलिंग या दोन्ही खेळांत विश्वविजेतेपद मिळवणारे ते एकमेव पुरुष खेळाडू मानले जातात. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी हौशी खेळाचा त्याग करून व्यावसायिक सायकलशर्यतींचा मार्ग स्वीकारला आणि त्याबरोबर त्यांची बर्फावरील अजिंक्यपदांची कारकीर्द संपुष्टात आली.

बालपण

एडेन यांचा जन्म नेदरलँड्सच्या उत्तर भागातील ग्रोनिंगन या शहरात झाला. त्यांचे बालपण मात्र हार्लेम येथे आजी-आजोबांच्या छत्राखाली गेले. हार्लेमच्या परिसरात कालव्यांचे जाळे आहे. कडक हिवाळ्यात हे कालवे गोठत, तेव्हा पायाला स्केट्स बांधून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे ही तेथील लोकांची नित्याची गोष्ट होती. त्यामुळे डच मुलांना स्केटिंग हा खेळ म्हणून वेगळा शिकावा लागत नसे.

हार्लेम हे त्या काळी डच क्रीडाजीवनाचे एक महत्त्वाचे केंद्रही होते. देशातील संघटित क्रीडाचळवळीचे प्रवर्तक पिम म्युलियर यांनी आपल्या कार्याचा प्रारंभ याच शहरात केला. फुटबॉलबरोबरच स्पीड स्केटिंगलाही निश्चित नियमांची चौकट मिळवून देण्यात म्युलियर यांचा मोठा वाटा होता. एडेन यांची कारकीर्द याच चौकटीत आकारास आली.

तत्कालीन स्पीड स्केटिंग

एडेन यांच्या तरुणपणी बर्फावरील शर्यतींचे स्वरूप देशागणिक वेगळे होते. नेदरलँड्समध्ये सुमारे १६० मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावर दोन खेळाडू समोरासमोर धावत. हरणारा बाद होई आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जाई. या शर्यतींना कोर्टेबान असे म्हणतात. त्यात रोख रक्कम किंवा वस्तू बक्षीस म्हणून मिळत. इंग्लंडच्या पूर्वेकडील दलदलीच्या प्रदेशातही मजूरवर्गातील खेळाडू पैशांसाठी धावत. नॉर्वेमध्ये मात्र लांब पल्ल्याच्या शर्यतींचे आकर्षण अधिक होते. तेथे लांब आणि पातळ पात्यांचे नवे स्केट्स तयार झाले होते. पारंपरिक डच लाकडी स्केट्सच्या तुलनेत ते वक्र धावमार्गावर दीर्घकाळ वेग टिकवण्यास अधिक उपयुक्त होते.

१८८९ पासून अॅमस्टरडॅम येथे वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंना निमंत्रित करून स्पर्धा भरवल्या जाऊ लागल्या. या स्पर्धांतील अंतरे मैलांत मोजली जात. १८९१ मध्ये अमेरिकेच्या जोसेफ डोनोह्यू यांनी तेथील सर्व शर्यती जिंकल्या. मात्र या स्पर्धांमागे कोणतीही आंतरराष्ट्रीय संस्था नसल्याने त्यांतील विजेतेपदे आज अनधिकृत गणली जातात.

जुलै १८९२ मध्ये द हेगजवळील स्खेवेनिंगेन येथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाची स्थापना झाली. पिम म्युलियर तिचे पहिले अध्यक्ष झाले. महासंघाने मैलांऐवजी मीटरमधील ५००, १५००, ५००० आणि १०,००० ही चार अंतरे ठरवली. खेळाडूंनी दोघादोघांच्या जोडीने धावावे, परंतु क्रम घड्याळातील वेळेनुसार लावावा, असे या खेळाचे रूप स्थिरावले. त्यामुळे शेजारी धावणाऱ्याला हरवणे पुरेसे राहिले नाही. आधी धावून गेलेल्या आणि नंतर धावणाऱ्या प्रत्येकाच्या वेळेशी खेळाडूची गाठ पडू लागली.

महासंघाचे आणखी दोन नियम एडेन यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. पहिला नियम असा, की चारपैकी किमान तीन शर्यती जिंकणाऱ्यासच विश्वविजेता घोषित केले जाई. तसे कोणी न केल्यास त्या वर्षी विजेतेपद रिकामे राही. दुसरा नियम असा, की अजिंक्यपद स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी खुली होती. खेळातून पैसे मिळवणाऱ्याला तेथे स्थान नव्हते.

विश्वविजेतेपदे

पहिली अधिकृत विश्व अजिंक्यपद स्पर्धा जानेवारी १८९३ मध्ये अॅमस्टरडॅम येथे झाली. त्या वेळी एडेन १९ वर्षांचे होते. त्यांनी ५००, १५०० आणि ५००० मीटरच्या शर्यती जिंकल्या. १०,००० मीटरची शर्यत नॉर्वेच्या ओस्कर फ्रेडरिक्सन यांनी जिंकली. तीन विजयांची अट पूर्ण झाल्याने एडेन विश्वविजेते ठरले.

पुढील वर्षी स्टॉकहोम येथील स्पर्धेत त्याच अटीची दुसरी बाजू दिसून आली. एडेन यांनी १०,००० मीटरची शर्यत जिंकली, परंतु इतर शर्यतींत त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही. अन्य कोणालाही तीन विजय मिळवता न आल्याने १८९४ चे विजेतेपद कोणासही देण्यात आले नाही. पुढे १९०८ पूर्वीच्या आणखी काही वर्षांतही असेच घडले.

मात्र याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १८९४ मध्ये, नॉर्वेतील म्योसा सरोवराच्या काठावरील हामार येथे एडेन यांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेली कामगिरी केली. त्यांनी ५००० मीटरचे अंतर ८ मिनिटे ३७.६ सेकंदांत पार केले. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता. पूर्वीच्या विक्रमात त्यांनी एका फटक्यात जवळजवळ अर्ध्या मिनिटाची सुधारणा केली होती. हा विक्रम १७ वर्षे अबाधित राहिला. १९११ मध्ये रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव यांनी हामार येथेच तो मोडला, तेव्हाही फरक केवळ ०.४ सेकंदाचा होता.

१८९५ ची विश्व अजिंक्यपद स्पर्धा हामार येथेच झाली. ५०० मीटरची शर्यत फ्रेडरिक्सन यांनी जिंकली. उरलेल्या तिन्ही शर्यतींत एडेन पहिले आले आणि दुसऱ्यांदा विश्वविजेते झाले. त्यांनी १५०० मीटरसाठी २ मिनिटे २५.४ सेकंद आणि १०,००० मीटरसाठी १७ मिनिटे ५६ सेकंद वेळ नोंदवली. सर्वांत बलाढ्य समजल्या जाणाऱ्या नॉर्वेजियन खेळाडूंना त्यांच्याच भूमीवर मिळालेला हा पराभव असल्याने या विजयाचे महत्त्व विशेष मानले गेले.

१८९६ मध्ये स्पर्धा रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे भरली. याच शहरात त्या वर्षी फिगर स्केटिंगचीही पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. एडेन यांनी चारही शर्यती जिंकून तिसरे विश्वविजेतेपद मिळवले. एकाच विश्व स्पर्धेत चारही अंतरे जिंकण्याचा पराक्रम त्यानंतर नॉर्वेचे ओस्कर माथिसन आणि नेदरलँड्सचे आर्द शेंक यांच्यासारख्या मोजक्याच खेळाडूंना साधला.

सायकलशर्यती

हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात सायकल, असा एडेन यांचा वर्षभराचा क्रम होता. या दोन्ही खेळांत शरीर पुढे झुकवून मांड्यांच्या बळावर वेग राखावा लागतो. त्यामुळे एका खेळातील सराव दुसऱ्यास पूरक ठरतो. आजही अनेक स्केटिंगपटू उन्हाळ्यात सायकलवर सराव करतात.

१८९४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत एडेन यांनी हौशी खेळाडूंची १० किलोमीटरची शर्यत जिंकली. याच स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीचे विजेतेपद नॉर्वेच्या विल्हेल्म हेनी यांनी मिळवले. पुढे फिगर स्केटिंगमध्ये विख्यात झालेल्या सोन्या हेनी या त्यांच्या कन्या होत. १८९५ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे एडेन यांनी हौशी गटात स्प्रिंट प्रकाराचे विश्वविजेतेपद पटकावले. अशा रीतीने त्या एकाच वर्षात ते बर्फावर आणि सायकलवर, दोन्हीकडे विश्वविजेते झाले.

व्यावसायिक कारकीर्द

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलशर्यत हा युरोपातील अत्यंत लोकप्रिय प्रेक्षणीय खेळ झाला होता. मोठ्या शहरांतील सायकल धावपट्ट्यांवर हजारो प्रेक्षक गर्दी करत आणि नामांकित स्वारांना चांगला पैसा मिळे. याउलट स्पीड स्केटिंगच्या अजिंक्यपदातून सन्मानापलीकडे काहीही मिळत नसे. घरची सांपत्तिक स्थिती उत्तम असलेल्यांना असा हौशी खेळ परवडत असे. ज्याला खेळावरच उपजीविका करायची होती, त्याला मात्र या दोहोंपैकी एकाची निवड करणे भाग होते.

१८९६ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या विजयानंतर, एडेन व्यावसायिक सायकलपटू झाले. हौशीपणाच्या नियमामुळे विश्व अजिंक्यपद स्केटिंग स्पर्धेचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. ज्या वयात बहुतेक स्केटिंगपटूंची कारकीर्द ऐन भरात येते, त्या वयात त्यांना स्पर्धात्मक बर्फापासून दूर व्हावे लागले.

सायकलच्या धावपट्टीवर त्यांना लोकप्रियता आणि धन दोन्ही लाभले, परंतु हौशी काळातील वर्चस्व त्यांना तेथे राखता आले नाही. नियमित सरावाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आणि मिळालेला पैसा ऐषारामात खर्च झाला. काही वर्षांतच त्यांचे नाव अग्रगण्य स्वारांच्या यादीतून मागे पडले.

उत्तरायुष्य

खेळातून बाहेर पडल्यानंतर एडेन यांना आर्थिक स्थैर्य लाभले नाही. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १९२४ च्या प्रारंभी फ्रान्समधील शामोनी येथे पहिल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या आणि स्पीड स्केटिंगला ऑलिंपिकचे व्यासपीठ मिळाले. त्यानंतर वर्षभराने, २ फेब्रुवारी १९२५ रोजी, हार्लेम येथे वयाच्या ५१ व्या वर्षी एडेन यांचे निधन झाले.

वारसा

एडेन यांच्यानंतर १९०५ मध्ये कुन दे कोनिंग हे विश्वविजेते झाले. त्यापुढील डच विश्वविजेत्यासाठी देशाला १९६१ पर्यंत, म्हणजे ५६ वर्षे, वाट पाहावी लागली. त्या वर्षी हेंक फान डेर ग्रिफ्ट यांनी हे विजेतेपद मिळवले. योगायोगाने त्याच वर्षी अॅमस्टरडॅम येथे नेदरलँड्समधील ४०० मीटरची पहिली कृत्रिम बर्फाची धावपट्टी सुरू झाली. तिला याप एडेन यांचे नाव देण्यात आले. या धावपट्टीमुळे डच खेळाडूंना नैसर्गिक बर्फावर अवलंबून न राहता सराव करणे शक्य झाले. केस फेर्केर्क आणि आर्द शेंक यांच्या काळापासून नेदरलँड्स या खेळातील अग्रेसर देश बनला.

नेदरलँड्समधील वर्षातील सर्वोत्कृष्ट क्रीडापटूंना दिल्या जाणाऱ्या ब्राँझच्या मूर्तीलाही एडेन यांचेच नाव आहे.

हौशी आणि व्यावसायिक खेळ यांतील ज्या पेचात एडेन सापडले, तो त्यांच्यानंतरही सुटला नाही. पाच वेळा विश्वविजेते झालेले माथिसन व्यावसायिक झाले. १९७२ मध्ये चारही अंतरे जिंकून विश्वविजेते ठरलेले शेंकही त्यानंतर व्यावसायिक मालिकेकडे वळले. या दोघांनाही एडेन यांच्याप्रमाणेच अधिकृत अजिंक्यपदांना मुकावे लागले.

१९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकमधील स्पीड स्केटिंगच्या शर्यती हामार येथेच, छताखालील कृत्रिम बर्फावर झाल्या. तेथे नॉर्वेच्या योहान ओलाव कोस यांनी ५००० मीटरचे अंतर ६ मिनिटे ३४.९६ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. एडेन यांच्या हामारमधील विक्रमास त्या वेळी बरोबर १०० वर्षे पूर्ण झाली होती.

विश्वविजेतेपदे (संक्षेप)

स्पीड स्केटिंग: १८९३ - अॅमस्टरडॅम, १८९५ - हामार, १८९६ - सेंट पीटर्सबर्ग
सायकलिंग (हौशी): १८९४ - अँटवर्प, १० किलोमीटर, १८९५ - कोलोन, स्प्रिंट