फाइलच्या नावातली स्पेस आणि जो ओसॅना

लाटेक शिकायला घेतलेल्या कुणालाही पहिल्या आठवड्यातच एक सल्ला मिळतो. फाइलच्या नावात स्पेस ठेवू नका, फोल्डरच्या नावात तर अजिबात नको. मोबाइलवर वाढलेल्यांना हे विचित्रच वाटणार. आपल्या फोनमध्ये ‘रिझ्युमे फायनल (१)’ असल्या नावांच्या फाइली ढिगाने पडलेल्या असतात. तीच फाइल पुन्हा डाउनलोड केली की ब्राउझर स्वतःच मध्ये स्पेस सोडून कंसात १ टाकतो आणि त्याने कुणाचंही काही बिघडत नाही. मग लाटेकमध्येच का बिघडतं?

थोडक्यात सांगतो. फोनवर आपण फाइलवर बोट ठेवतो, त्यामुळे ॲपकडे तिचं अख्खं नाव एकसंध जातं. पण जिथे आज्ञा टाइप करायची असते तिथे एक शब्द संपून दुसरा सुरू झाला हे प्रोग्रामला फक्त स्पेसवरून कळतं. तुम्ही ‘माझा फोटो’ लिहिलंत की त्याला दोन गोष्टी दिसतात, एक ‘माझा’ आणि एक ‘फोटो’. मग तो ‘माझा’ नावाची फाइल शोधायला जातो, आणि ती नसतेच.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण कागदपत्रं तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की मला जोसेफ ओसॅना आठवतात. युनिक्सचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, बाकीच्यांना केन थॉम्पसन आणि डेनिस रिची एवढीच दोन नावं ठाऊक असतात. हे मला फारसं न्याय्य वाटत नाही.

ओसॅना यांचा जन्म १० डिसेंबर १९२८ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा. १९५२ मध्ये वेन स्टेट युनिव्हर्सिटीतून ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुढे बेल लॅब्समध्ये काम करू लागले. सुरुवातीचं काम ॲम्प्लिफायर, रेडिओ सिग्नल, उपग्रह अशा विषयांवरचं होतं. म्हणजे माणूस मुळात हार्डवेअरचा. कॉम्प्युटरकडे ते नंतर वळले.

बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची एक प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिम बांधत होते, त्या टीममध्ये ओसॅना होते. फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्याच्या आत फाइल, ही जी रचना आपण रोज वापरतो, तिचा एक मोठा उगम मल्टिक्समध्ये आहे. पाथ ही कल्पनाही तिथलीच समजा. १९६९ मध्ये बेल लॅब्सने या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. थॉम्पसन, रिची, ओसॅना आणि आणखी काही जण हातात मशीन नसलेले प्रोग्रामर होऊन बसले. एका जुन्या पीडीपी-७ वर युनिक्सने बाळसं धरलं खरं, पण चांगला कॉम्प्युटर मागितला की वरून नकार यायचा. ऑपरेटिंग सिस्टिम या शब्दानेच वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडत असणार, मल्टिक्सचे चटके ताजे होते.

इथे मजकूर कामाला आला. १९७० मध्ये या मंडळींनी नवीन प्रस्ताव दिला: पीडीपी-११ घेऊन द्या, त्यावर मजकूर संपादित करून नीट मांडून देणारी व्यवस्था उभी करतो. हा प्रस्ताव पुढे रेटणाऱ्यांत ओसॅना होते. मंजुरी मिळाली. मशीन उन्हाळ्याच्या शेवटी आलं, डिस्क मात्र डिसेंबरपर्यंत आली नाही. तोवर त्या मशीनने बुद्धिबळातल्या घोड्याच्या फेऱ्या मोजत वेळ काढला.

आता शब्द पाळायचा होता. बेल लॅब्सच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करून द्यायचे असत आणि त्यांना पानावर प्रत्येक ओळीला क्रमांक हवा होता. बाजारातल्या तयार यंत्राऐवजी त्यांनी युनिक्स घेतलं. १९७१ च्या उत्तरार्धात त्या विभागातल्या तीन टायपिस्ट दिवसभर याच मशीनवर काम करत आणि युनिक्सवाले त्याच मशीनवर आपले प्रयोग करत. डिस्क अवघी अर्धा मेगाबाइट. आज फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला एखादा फोटोही बहुधा त्यात मावणार नाही. मेमरीला संरक्षण नाही, म्हणजे एकाचा प्रोग्राम कोसळला की टायपिस्टबाईंचं कामही त्याच्यासोबत जाणार. अशा परिस्थितीत हे गिऱ्हाईक टिकलं म्हणून युनिक्स टिकलं, असं म्हणायला मी कचरणार नाही.

मजकूर मांडणारा रॉफ हा प्रोग्राम आधीपासून होता. ओसॅना यांनी त्याच्या जागी जास्त ताकदीचा एनरॉफ लिहिला आणि मग ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचं कॅट नावाचं फोटोटाइपसेटर आल्यावर त्यासाठी ट्रॉफ. आता साध्या टाइपरायटरच्या अक्षरांऐवजी छापील पुस्तकासारखं पान कॉम्प्युटरवरून निघू लागलं. आधी हे असेंब्लीत लिहिलं होतं, नंतर त्यांनीच ते सी भाषेत आणलं.

स्पेसचा प्रश्न इथेच भेटतो. ट्रॉफमध्ये ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं की ती आज्ञा, आणि आज्ञेचे तुकडे स्पेसने वेगळे. ही पद्धत ओसॅना यांनी शोधलेली नाही, १९६४ च्या रनऑफ या प्रोग्रामपासून ती चालत आली होती. पण स्पेस ही नुसती रिकामी जागा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलटी तिरकी रेघ देऊन स्पेस दिली की ट्रॉफ तिथे ओळ तोडत नाही आणि ती जागा ताणतही नाही. मराठीत सांगायचं तर ‘पु. ल.’ मधला ‘पु.’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘ल.’ खालच्या ओळीत, असं होऊ नये म्हणून जे लागतं ते. मॅक्रोला दोन शब्दांचं शीर्षक द्यायचं असेल तर ते दुहेरी अवतरणात घालायची सोय होती. दुसरी फाइल आत ओढून घेणाऱ्या आज्ञेला मात्र ही सोय नव्हती. नाव स्पेसपाशी संपलं म्हणजे संपलं.

त्यांना दोष द्यायचा का? मी देणार नाही. त्या काळच्या युनिक्समध्ये फाइलचं अख्खं नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचं असायचं. इतक्या जागेत स्पेस कोण वाया घालवणार? गंमत म्हणजे युनिक्सने नावात स्पेस ठेवायला कधी मनाईही केली नाही. ऑपरेटिंग सिस्टिम हो म्हणणार आणि तिच्यावरची साधनं अडखळणार, हा विसंवाद तेव्हापासूनचा आहे.

तो नुसता चिडचिडीपुरता राहिला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्स २.० आणलं. त्याच्या इन्स्टॉलरमधल्या, जुनी आवृत्ती पुसणाऱ्या आज्ञेत पाथभोवती अवतरण चिन्हं नव्हती. ज्यांच्या हार्ड डिस्कच्या नावात स्पेस होती त्यांपैकी काहींचा डेटा पुसला गेला. दोन चिन्हं वगळल्याची ही किंमत.

लाटेकचा पाया असलेल्या टेकमध्येही फाइलचं नाव स्पेसपाशीच संपायचं. लाटेकने ऑक्टोबर २०१९ च्या आवृत्तीत नावातल्या स्पेस नीट हाताळायला सुरुवात केली. तरीही सोबतचे छोटे प्रोग्राम आणि जुनी पॅकेजेस यांचा भरवसा नाही, म्हणून मी आजही स्पेसऐवजी अंडरस्कोर किंवा छोटी आडवी रेघ वापरतो. फोनवर टर्मक्स वापरत असाल तर पाथ दुहेरी अवतरणात घाला किंवा स्पेसच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. ऑनलाइन लिंकमध्ये स्पेसच्या जागी टक्के-२० दिसतं, तोही तिला एकसंध ठेवण्याचाच मार्ग.

ओसॅना यांनी २८ नोव्हेंबर १९७७ रोजी जगाचा निरोप घेतला. एकोणपन्नासावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. मागे राहिला हजारो ओळींचा कोड, ज्यात समजावून सांगणाऱ्या टिपा जवळजवळ नव्हत्या, आणि तो फक्त त्या एका कॅट यंत्रासाठी बांधलेला. विचारायला लिहिणारा माणूसच नव्हता. शेवटी ब्रायन कर्निहन यांनी तो ओळ-ओळ समजून घेतला आणि कुठल्याही यंत्रावर चालेल असा ट्रॉफ १९७९ च्या सुमारास तयार केला. लिनक्सवर किंवा मॅकवर मॅन ही आज्ञा देऊन जी मदतीची पानं उघडतात, ती आजही याच भाषेत लिहिलेली असतात. त्यातलं एखादं मूळ रूपात उघडून बघा, ओळींच्या सुरुवातीला टिंबं दिसतील आणि काही ठिकाणी दोन शब्दांची शीर्षकं दुहेरी अवतरणात.