कमलाबाई निंबकर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे अध्यक्षबाईंनी मला सुचविले. झाशीची राणी, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण सर्वजणींनी पुष्कळ वाचले आहे. म्हणून मी कमलाबाई निंबकर यांची निवड केली. लुळ्या पडलेल्या हातांना पुन्हा कामाला लावण्याची विद्या त्यांनी आपल्या देशात रुजविली.

कमलाबाई जन्माने अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. १९०० साली न्यू जर्सी येथे क्वेकर पंथाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि श्री. विष्णु निंबकर यांच्याशी लग्न करून कमला झाल्या. आपल्याला नुसते सासरचे गाव नवे असले तरी रुळायला वर्ष जाते. या बाईंनी तर देश, भाषा, जेवणखाण सगळेच नवे स्वीकारले.

मुंबईत त्यांनी आधी मुलांच्या शिक्षणाचे काम केले. पुढे चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेत जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार शिकल्या. ज्या वयात आपण म्हणतो की आता काय शिकायचे, त्या वयात त्यांनी वह्यापुस्तके हाती घेतली. परत येऊन १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विद्येची शाळा सुरू केली. आशियातील ही पहिली शाळा मानली जाते.

या विद्येत पुस्तकापेक्षा हाताला मान अधिक. शरीरशास्त्र शिकावेच लागते, पण मागावर पाय चालविल्याने गुडघा कसा सुटतो, करवतीने खांदा कसा मोकळा होतो, माती मळताना बोटांत बळ कसे येते, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग वॉर्डात रोग्याजवळ बसून शिकायचे. आजही जागतिक संघाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला किमान १००० तास असे प्रत्यक्ष काम करावे लागते.

याचा गुण मी घरातच पाहिला. आमच्या थोरल्या जाऊबाईंचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. उपचारासाठी जात तेथे शिकाऊ मुलगी होती, वय वीस-एकवीस. तिने स्वतःचा उजवा हात पदराने बांधून घेतला आणि डाव्या हाताने बटाटा सोलून दाखविला. पाटीला खालून खिळे ठोकलेले, त्यांत बटाटा रुतवायचा म्हणजे हलत नाही. पोलके घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा, हेही तिनेच शिकविले. चार महिन्यांनी जाऊबाईंनी देवापुढची वात स्वतः लावली, तेव्हा थोरल्या भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आले. आजारी माणसाला औषध हवे, तसे काहीतरी आपल्या हातून झाले याचे समाधानही हवे, हे मला त्या दिवशी समजले.

कमलाबाई एका शाळेवर थांबल्या नाहीत. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक संघ स्थापन झाला, त्याच्या १० संस्थापक देशांत भारत होता. १९५८ साली नागपूरलाही शाळा निघाली. अपंगांच्या पुनर्वसनासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. १९७९ साली त्यांचे निधन झाले. फलटणला त्यांच्या नावाने मुलांची शाळा, कमला निंबकर बालभवन, चालते.

भगिनींनो, आपल्या मंडळात शिवण, विणकाम, कागदकाम येणाऱ्या किती तरी जणी आहेत. शेजारी कोणी अंथरुणाला खिळले असेल तर समाचाराला जाताना फळे न्यावीत, आणि डॉक्टरांना विचारून त्यांना झेपेल असे थोडे कामही न्यावे. शेंगा सोलणे असो, वाती वळणे असो. लेकीबाळींना पुढे काय शिकवावे असा प्रश्न पडला असेल, तर ही विद्याही ध्यानात ठेवावी.