प्रकाशाचे उपासक : सर चंद्रशेखर व्यंकट रामन

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो. ज्यांच्या शोधामुळे तो साजरा होतो, त्या रामन यांचे चरित्र मात्र पुष्कळदा तसबिरीला हार घालण्यापुरतेच उरते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी म्हणून कोलकात्यास रुजू झाले. कचेरीपूर्वीचा व नंतरचा वेळ ते तेथील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या प्रयोगशाळेत घालवीत. १९१७ मध्ये भरघोस पगार सोडून त्यांनी कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली.

१९२१ च्या सागरप्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना विचारात पाडले. ही निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असा तेव्हाचा समज होता. रामन यांनी बोटीवरच लोलकातून पाहून पृष्ठभागावरील परावर्तित प्रकाश वगळला. तरी निळाई कायम राहिली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले. पुढे सात वर्षे शिष्यांसह चिकाटीने केलेल्या प्रयोगांतून, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने शोध सिद्ध झाला. एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून जाताना त्याचा अत्यल्प अंश रंग बदलून बाहेर पडतो. कारण प्रकाशकण रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो. म्हणूनच हा बदललेला प्रकाश पदार्थाची ओळख सांगतो. १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ मध्ये ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत हिला, केवळ ती स्त्री म्हणून, त्यांनी प्रवेश नाकारला. थोरांच्या चरित्रातील अशी उणीव झाकू नये. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनाही आपले मत बदलावे लागले आणि पुढील मुलींसाठी दार उघडले. याच कमलाबाई सोहोनी पुढे केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या.

१९४८ साली रामन यांनी बेंगळुरूत स्वतःची संशोधन संस्था उभारली. तेथे त्यांचे भाचे पंचरत्नम् यांनी १९५६ मध्ये ध्रुवित प्रकाशावर मूलगामी संशोधन केले. पुढे ऑक्सफर्डला ते प्रकाश व अणू यांच्या परस्परक्रियेचा अभ्यास करीत होते. १९६९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल जगाला बऱ्याच काळाने उमगले.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार झाले. आज त्याच आवारात लेसरने थंड केलेल्या अणूंवर प्रयोग चालतात.

विद्यार्थ्यांनो, रामन यांच्याकडून प्रश्न विचारण्याचे धाडस घ्या. आणि दार बंद दिसले, तर कमलाबाईंचा निर्धार आठवा.