मेंदूची लहर टिपणारे हान्स बर्गर

नल-दमयंतीचे आख्यान आणि गीतगोविंद ही दोन्ही काव्ये जर्मन भाषेत नेणारे कवी फ्रीडरिश रूकर्ट आपल्याकडील संस्कृतप्रेमी मंडळींस ऐकून ठाऊक असतील. त्यांच्या कन्येचे चिरंजीव म्हणजे हान्स बर्गर. मनुष्याच्या मेंदूतील विजेची लहर कागदावर प्रथम उमटविली ती यांनीच.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गनजीक नॉयझेस या गावी झाला. ज्योतिर्गणित शिकण्यास ते बर्लिनला गेले, पण तेथे मन रमेना म्हणून वर्षभर सैन्यात राहिले. एके दिवशी कवायतीत घोडा बिथरला आणि ते तोफगाड्याच्या वाटेतच पडले. चाक अगदी जवळ येऊन थांबले, म्हणून प्राण वाचले. त्याच सायंकाळी वडिलांची खुशालीची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे अकस्मात वाटले होते आणि तिच्याच आग्रहावरून ती तार केली होती. एका मनाचे दुसऱ्या मनास कसे कळले, हा प्रश्न बर्गर यांना जन्मभर पुरला. त्यासाठीच ते वैद्यकाकडे वळले.

१८९७ पासून येना येथील मनोरुग्णालयात त्यांनी नोकरी केली आणि १९१९ मध्ये ते तेथील प्रमुख झाले. दिवसा रुग्ण पाहावेत आणि उरल्या वेळात एकट्याने प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम असे. ६ जुलै १९२४ रोजी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूची वीज त्यांना प्रथम टिपता आली. तरीही आपले यंत्रच फसवीत नसेल ना, या शंकेने त्यांनी पाच वर्षे पडताळणी केली आणि १९२९ मध्ये निबंध छापला. माणूस डोळे मिटून स्वस्थ असता सेकंदास सुमारे दहा आंदोलनांची लहर चालते, हे त्यांनी दाखविले. डोळे उघडले, मनात हिशेब मांडला किंवा अवचित आवाज झाला, की ती लहर मोडते, हेही त्यांनी नोंदले. स्वदेशी फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा कोठे जगाची खात्री पटली.

अवचित आवाजाचे मर्म उलगडण्यास मात्र आणखी काळ लागला. १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्टो नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की एकच ध्वनी वारंवार ऐकवून मध्येच निराळा ध्वनी दिला, तर सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात मेंदूत विजेचा वेगळा प्रतिसाद उमटतो. तो अवघा काही दशलक्षांश व्होल्टचा असतो. म्हणून अनेक वेळांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. ऐकणारा पुस्तक वाचण्यात गुंग असला तरी तो उमटतो. याचा अर्थ, आपले लक्ष नसतानाही मेंदू पुढील स्वराची वाट पाहत असतो.

माझे वडील दरबारी गवयी होते, आणि मी शनवाऱ्यात मुलांना संगीत शिकवितो. वर्गाबाहेर रस्त्याची वर्दळ अखंड चालू असते, तिच्याकडे कोणी मान वळवीत नाही. पण तीनतालात खालीच्या जागी भरी वाजली, की गप्पांत रंगलेला मुलगादेखील चमकून तबल्याकडे पाहतो. तिहाई नेमकी समेवर आली म्हणजे मिळणारा आनंदही या वाट पाहण्यातूनच येतो, असे मला वाटते.

बर्गर यांची अखेर क्लेशाची झाली. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले, मन खिन्न होत गेले, आणि १ जून १९४१ रोजी येना येथे त्यांनी आत्महत्या केली. नाझी राजवटीने त्यांचा छळ केला, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. पण सक्तीच्या नसबंदीची प्रकरणे ठरविणाऱ्या न्यायालयात ते स्वतः बसत, हे पुढील संशोधनात उघड झाले. त्यांचा शोध सांगताना हेही सांगितले पाहिजे.

बहिणीच्या तारेचे कोडे त्यांना सुटले नाही. परंतु त्यांनी घालून दिलेल्या वाटेने आज तान्ह्या बाळाला दोन स्वरांतील भेद कळतो की नाही, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वी पाहता येते. बेशुद्ध पडलेला रुग्ण शुद्धीवर येण्याची आशा किती, याचा अंदाज बांधण्यासही डॉक्टर याच प्रतिसादाची मदत घेतात.