अफूच्या बाजारात एक बिशप

(द्वितीय वर्ष, कला)

‘अफूची गोळी’ हे शब्द आपल्या महाविद्यालयात एरवी ऐकू येतात ते वक्तृत्व स्पर्धेत. विषय धर्माचा असला की कुणीतरी मार्क्सला साक्षीला बोलावतोच. मीही बोलावले आहे. त्यामुळे अफूच्या जागतिक व्यापाराला पहिली वेसण घालण्यासाठी ज्यांनी वीस वर्षे खर्ची घातली ते गृहस्थ एक ख्रिस्ती धर्मगुरू होते, हे इतिहासाच्या तासाला कळले तेव्हा मी थोडी ओशाळले आणि ग्रंथालयात जाऊन बसले. त्या धर्मगुरूंचे नाव चार्ल्स हेन्री ब्रेंट.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६२ रोजी कॅनडातील न्यूकॅसल या लहान गावी झाला. वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक. टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झाल्यावर ब्रेंट यांनी दीक्षा घेतली आणि अमेरिकेत बॉस्टन शहराच्या गरीब वस्तीत सुमारे दहा वर्षे सेवा केली. लग्न केले नाही. १९०१ साली फिलिपाईन्स बेटांसाठी त्यांची बिशप म्हणून निवड झाली आणि ऑगस्ट १९०२ मध्ये ते मनिलाला पोहोचले. त्याच जहाजावर बेटांचे अमेरिकन गव्हर्नर टॅफ्ट होते. पुढे अफूच्या प्रश्नावर या दोघांचे मार्ग वेगळे व्हायचे होते.

स्पॅनिश राजवटीत या बेटांवर अफूविक्रीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारजमा करायची आणि फक्त चिनी रहिवाशांना अफू विकायची, असा रिवाज होता. १८९८ साली अमेरिकेने बेटे घेतली, मक्ता मोडला आणि इतर मालासारखी अफूवरही जकात बसवली. अफूचा खप वाढला. १९०२ साली पटकीची साथ आली, तेव्हा औषध म्हणून अफू घेणाऱ्यांची त्यात भर पडली. मग १९०३ साली टॅफ्ट यांच्या सरकारने मक्ता पुन्हा लिलावात काढायचे ठरवले. त्यातून येणारा पैसा खर्च व्हायचा होता फिलिपिनो मुलांच्या शिक्षणावर.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तीही शिष्यवृत्तीवर. हा पैसा कुणाच्या व्यसनातून येतो असे कुणी सांगितले असते, तर माझ्या वडिलांनी तो नाकारला असता का? मला वाटते, नसता नाकारला. म्हणूनच टॅफ्ट मला दुष्ट वाटत नाहीत. त्यांना शाळा हव्या होत्या आणि तिजोरी रिकामी होती.

ब्रेंट यांनी आणि इतर मिशनऱ्यांनी विरोध केला. अमेरिकेतूनही निषेध झाला. अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी विधेयक थांबवले आणि तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली : लष्करी डॉक्टर मेजर कार्टर, मनिलाचे डॉ. आल्बर्ट आणि ब्रेंट. समिती जपान, फोर्मोसा म्हणजे आजचे तैवान, शांघाय, हाँगकाँग, सायगाव, सिंगापूर, ब्रह्मदेश आणि जावा असे फिरली. बहुतेक ठिकाणी एकच चित्र होते. राज्य ब्रिटिशांचे असो, फ्रेंचांचे वा डचांचे, सरकारच अफूच्या उत्पन्नावर पोसले जात होते. ओढणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचे व्यसन जुने होते म्हणा ना. तीन वर्षे सरकारी विक्री आणि मग औषधाखेरीज पूर्ण बंदी, अशी शिफारस समितीने केली. अमेरिकन काँग्रेसने १९०५ साली कायदा करून १ मार्च १९०८ ही बंदीची तारीख ठरवली.

पण एका बेटावर बंदी घालून काय होते? आमच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडले, बाटली आडवी केली. आई सकाळपासून रांगेत उभी होती. महिनाभरात शेजारच्या गावाहून बाटल्या येऊ लागल्या. ब्रेंट यांच्याही हे आधीच ध्यानात आले होते. आजूबाजूला उघडपणे विकली जाणारी अफू चोरवाटेने बेटांवर येणारच. जुलै १९०६ मध्ये त्यांनी रुझवेल्ट यांना पत्र लिहून सर्व संबंधित राष्ट्रांची परिषद भरवावी असे सुचवले. चीनशी व्यापार वाढवायचा असल्याने अमेरिकेलाही ही कल्पना सोयीची होती, हेही नमूद केले पाहिजे.

वेळही अनुकूल होती. चीनने सप्टेंबर १९०६ मध्ये दहा वर्षांत अफू नाहीशी करण्याचे फर्मान काढले होते. त्या चीनला अफू पुरवत होता आपला देश. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, तर माळव्यातली, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातली, मुंबई बंदरातून. ज्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईचे रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली, त्यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. १९०७ साली ब्रिटनने चीनशी करार केला : हिंदुस्थानची निर्यात १९०८ पासून दरवर्षी एक दशांशाने कमी करत न्यायची. १९१३ साली चीनला जाणारी ही अफू थांबली.

१ फेब्रुवारी १९०९ रोजी शांघायमध्ये तेरा राष्ट्रांचे आयोग भरले आणि अध्यक्षस्थानी ब्रेंट यांची निवड झाली. समोर बसलेल्या कितीतरी सरकारांच्या वसाहती अफूच्या पैशावर चालत होत्या, आणि अफू वाईट हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचे होते. महिनाअखेर नऊ ठराव झाले. बंधनकारक एकही नव्हता.

म्हणून पुन्हा परिषद, या वेळी हेग येथे, डिसेंबर १९११ मध्ये. अध्यक्ष पुन्हा ब्रेंट. २३ जानेवारी १९१२ रोजी बारा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. मॉर्फिन आणि कोकेनचाही त्यात समावेश झाला. ओढण्याची अफू हळूहळू बंद करू, असे सरकारांनी लिहून दिले. मात्र त्याला मुदत घातली नाही. सर्वांनी मान्यता दिल्याशिवाय करार लागू होईना, आणि तोवर महायुद्ध पेटले. अखेर व्हर्सायच्या तहात एक कलम घालून, तह स्वीकारणाऱ्यांवर हा करारही बंधनकारक करण्यात आला.

युद्धात ब्रेंट फ्रान्समधील अमेरिकन सैन्याचे प्रमुख धर्मगुरू होते. त्यांना निव्वळ संत ठरवणे मला जमत नाही. फिलिपिनो लोकांना इतक्यात स्वातंत्र्य देऊ नये असे त्यांचे मत होते. परक्या सत्तेच्या छायेतच त्यांनी काम केले. बेटांवर चोरटी अफू १९०८ नंतरही येतच राहिली. तरीही परक्या सरकारचा जवळचा माणूस असून त्यांनी त्याच्या उत्पन्नावर बोट ठेवले, हे खरे.

जिनीव्हाच्या परिषदेसाठी ते अमेरिकन शिष्टमंडळात होते. तेथे वसाहतींची सरकारे मुदत द्यायला तयार होईनात आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये अमेरिका परिषदेतून बाहेर पडली. दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने औषधाखेरीजची निर्यात दहा वर्षांत बंद करण्याचे जाहीर केले. ब्रेंट यांची शेवटची वर्षे ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी गेली. त्याच कामासाठी १९२७ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. हृदय केव्हाचेच दुबळे झाले होते. २७ मार्च १९२९ रोजी लोझान येथेच त्यांचा अंत झाला आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्या दिवशी सिंगापूर आणि जावामधील सरकारी अफूची दुकाने उघडी होती. ती बंद करण्याचा निर्णय ब्रिटिश आणि डच सरकारांनी जाहीर केला १९४३ च्या नोव्हेंबरात, जेव्हा त्या मुलखावर जपानचा ताबा होता.